जोखमीचा रकाना

मालमत्ता व्यवसायातील मित्रहो,

अध्यक्षपदाचा मान दिलात, त्याबद्दल ऋणी आहे. आभार इथेच आटोपतो, कारण मला आपल्या सगळ्यांशी थोडं भांडायचं आहे.

गुंतवणूक म्हणून पहिलाच फ्लॅट घेणारा माणूस समोर बसला की आपण त्याला परतावा आकड्यांत सांगतो आणि जोखीम शब्दांत. ‘पाच वर्षांत दीडपट’ हा आकडा. ‘थोडं मागेपुढे होऊ शकतं’ हे शब्द. जोखीमही रुपयांत मांडा, आणि त्याच कागदावर मांडा, एवढंच माझं मागणं आहे.

पुण्यातला ६० लाखांचा तयार फ्लॅट घेऊ. सात टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ४ लाख २० हजार, नोंदणीचे ३० हजार. चावी हातात येईपर्यंत ६४ लाख ५० हजार झाले. (दलाली धरलेली नाही, समोरच्या रांगेचा मान राखला.) भाडं महिना १८ हजार धरा. जुना भाडेकरू जाऊन नवा येईपर्यंत वर्षाकाठी एक महिना घर रिकामं, म्हणजे आले १ लाख ९८ हजार. मेंटेनन्स, बिनभोगवटा शुल्क, मिळकत कर आणि रंगकाम-दुरुस्तीला ५८ हजार गेले की उरले १ लाख ४० हजार. गुंतलेल्या रकमेवर सव्वादोन टक्केही नाहीत.

आता ४५ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी. हप्ता ३९ हजारांचा. भाडं वळतं करूनही वर्षाला सव्वातीन लाखांहून जास्त पगारातून घालायचे. म्हणजे सगळी मदार भाव चढण्यावर. आणि भाव दहा टक्के उतरला तर? फ्लॅट ५४ लाखांचा झाला. पहिल्या वर्ष-दोन वर्षांत मुद्दल फारसं फिटत नाही, तेव्हा बँकेचे ४५ लाख जवळपास तसेच. स्वतःचे साडेएकोणीस लाख घातले होते, त्यांतले नऊ राहिले. ‘दहा टक्के घसरण’ ऐकून मान डोलावणाऱ्याला आपली निम्म्याहून जास्त पुंजी गेल्याचं त्या शब्दांतून कधी कळणार?

भाव न पडता नुसता थबकला तरी हप्ता थबकत नाही. पडझडीची बातमी होते, थबकण्याची होत नाही. म्हणून नवखा माणूस त्याचा हिशोबच करत नाही.

बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत फ्लॅट स्वस्त मिळतो हे खरं. पण त्यावर पाच टक्के जीएसटी येतो, परवडणाऱ्या घरांना एक. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला तो नाही. १ मे २०१७ पासून महारेरा आहे, ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवणं बिल्डरला बंधनकारक आहे, ताबा लांबला तर व्याजाचा हक्कही आहे. पण आदेश मिळणं आणि पैसे मिळणं यांच्यामध्ये वसुलीचं वॉरंट आणि जिल्हाधिकारी कार्यालय उभं असतं. ४५ लाखांचं पूर्ण कर्ज उचललेलं असताना ताबा दोन वर्षं लांबला तर नुसतं व्याज साडेसात लाखांच्या वर जातं. हा आकडा माहितीपत्रकात कुठे छापता येईल, ते आपण पाहायला हवं.

गुंठ्यांच्या प्लॉटबद्दल फार बोलत नाही. सातबारावर सामायिक नाव आणि विकणाऱ्याचं ‘एनए होणारच आहे’ हे आश्वासन, एवढ्यावर पैसे देणाऱ्याला थांबवायला हवं. १९४७ चा तुकडेबंदी कायदा, त्यातल्या दुरुस्त्या आणि फेरफार वाचल्याशिवाय इसारही देऊ नका, असं त्याला सांगायचं, बस.

काहींना तर आज घेऊच नका, असं सांगावं लागेल. नोकरी नवी, हाताशी सहा महिन्यांचे हप्ते नाहीत, आणि गरज पडली तर वर्षभरात विकायची तयारी हवी. अशा माणसाला फ्लॅट नको. त्याने आरईआयटीची युनिट्स घ्यावीत. त्यांचेही भाव वरखाली होतात, आणि त्यांत असतात बहुतेक कार्यालयं आणि मॉल. पण थोडक्या पैशांत घेता येतात आणि बाजाराच्या दिवशी विकताही येतात.

अडचण अशी, की व्यवहार झाला तरच आपल्याला पैसे मिळतात. ‘घेऊ नका’ या सल्ल्याला आपल्याकडे दर नाही. म्हणून दुपारच्या सत्रासाठी ठराव ठेवतो: सल्ल्याची फी दलालीपासून वेगळी घ्यावी, आधी घ्यावी, आणि गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेलं तरी तितकीच घ्यावी. विरोधात बोलणाऱ्यांची नावं सचिवांकडे आत्ताच पोचली आहेत, असं कळतं. त्यांनाही पुरेसा वेळ देऊ.