आजीची चौकट, बाबाची सिगरेट आणि ४०२ नंबरची जागा

बसमध्ये इअरफोन लावून बसला असाल, नाहीतर घरी भांडी घासत असाल, जिथे असाल तिथे स्वागत. आजचा विषय विज्ञानाचा आहे, पण गोष्ट आमच्या घरातली आहे.

तीन वर्षांपूर्वी माझी आजी, म्हणजे बाबाची आई, एक दिवस म्हणाली, "अगं, देवघराच्या दाराची चौकट वाकलीय. सुताराला बोलवा." आम्ही खरंच बोलावला! त्याने गुण्या लावून बघितलं आणि म्हणाला, "आजी, चौकट एकदम सरळ आहे." आम्ही सगळे हसलो. आता आठवलं की वाईट वाटतं.

कारण चौकट नाही, आजीची नजर वाकली होती. हळूहळू तिला पेपरातली अक्षरं दिसेनात, समोरच्याचा चेहरा ओळखू येईना. पण बाजूने मांजर गेलं तर ते बरोब्बर दिसायचं. सगळे म्हणाले, मोतीबिंदू असेल, पिकू दे, मग ऑपरेशन करू. या 'पिकू दे'मध्ये सात-आठ महिने गेले.

डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घालून मागचा पडदा तपासला आणि सांगितलं, हा मोतीबिंदू नाही. पडद्याच्या मधोमध एक छोटा भाग असतो, मॅक्युला. वाचणं, सुईत दोरा ओवणं, चेहरा ओळखणं, सगळी बारीक नजर तिथली. वय वाढतं तसा काहींचा हा भाग बिघडतो. याला म्हणतात एएमडी. याचे दोन प्रकार, कोरडा आणि ओला. ओल्या प्रकारात पडद्याखाली नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढतात आणि झिरपतात, म्हणून सरळ रेषा वाकड्या दिसतात. आजीला तोच होता. डोळ्यात इंजेक्शनं दिली, बिघाड थांबला, पण त्या डोळ्याची गेलेली नजर परत आली नाही.

मग डॉक्टरांनी विचारलं, "घरात अजून कुणाला आहे का?" आजीची मोठी बहीण शेवटी शेवटी काहीच वाचू शकत नव्हती, हे तेव्हा आठवलं. आणि माझं लक्ष गेलं बाबाकडे. वय ६१, आणि कॉलेजपासून सिगरेट.

आता जरा जीन्सकडे येऊ. घाबरू नका, सोपं आहे.

आपल्या शरीरात कॉम्प्लिमेंट नावाची एक संरक्षण यंत्रणा असते. जंतू दिसले की ती तुटून पडते. पण तिला ब्रेक हवा, नाहीतर ती आपल्याच पेशींवर घसरते. तो ब्रेक म्हणजे कॉम्प्लिमेंट फॅक्टर एच नावाचं प्रोटीन. २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात एकाच वेळी तीन गटांचे शोधनिबंध आले. तिघांचं बोट एकाच जागेवर: या प्रोटीनच्या साखळीतली ४०२ नंबरची कडी. तिथे टायरोसिनऐवजी हिस्टिडिन असेल, तर एएमडीचा धोका वाढतो. एका अक्षराचा बदल, बस्स!

प्रत्येक जीनच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. युरोपीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासांत दिसलं की बदललेली एक प्रत असेल तर धोका साधारण अडीच पट, दोन्ही असतील तर सहा पटींच्या आसपास. जपानी लोकांत हा बदल बराच कमी आढळतो, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे सगळ्यांना लावता येत नाहीत. भारतीय रुग्णांतही या बदलाचा एएमडीशी संबंध दिसला आहे. आणि हा एकटाच नाही. दहाव्या गुणसूत्रावर आणखी एक मोठी जागा आहे. २०१६ मध्ये तर एका मोठ्या अभ्यासाने अशा ३४ जागा दाखवल्या.

हे सगळं वाचून मी बाबाला म्हणाले, "चल, थुंकीची जेनेटिक टेस्ट करू." बाबा काय म्हणाला माहितीये? "आईला झालं, मावशीला झालं, म्हणजे मलाही होणारच. मग सिगरेट सोडून काय मिळणार?"

मंडळी, आजचा सगळा भाग या एका वाक्यासाठी आहे.

धोका सहा पट म्हणजे आजार होणारच, असं नाही. तो बदल असलेले कितीतरी लोक म्हातारपणी आरामात पेपर वाचतात. आणि तो नसलेल्या काहींना आजार होतो. जीन बदलता येत नाही, वय थांबवता येत नाही. पण बदलता येण्यासारख्या गोष्टींत सगळ्यात मोठी आहे सिगरेट. तिने धोका दुप्पट ते चौपट होतो, असं अनेक अभ्यास सांगतात. म्हणजे ज्याच्या घरात हा आजार आहे, त्यानेच सिगरेट आधी सोडायला हवी. बाबाचं गणित नेमकं उलटं होतं.

टेस्टचं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "गरज नाही. रिपोर्ट काहीही आला तरी मी हेच सांगणार: सिगरेट बंद, पालेभाजी खा, आणि दरवर्षी पडदा तपासा." अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेचाही सल्ला असाच आहे, सरसकट जेनेटिक टेस्ट करू नका.

आणि गोळ्या? जीवनसत्त्वं, झिंक आणि ल्युटीन यांच्या एका ठरावीक मिश्रणाने मधल्या टप्प्यावरच्या रुग्णांचा आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतो. पण निरोगी माणसाला आजार होऊ नये म्हणून त्या नाहीत. शिवाय जुन्या मिश्रणात बीटा-कॅरोटीन होतं, त्याने सिगरेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून मेडिकलमधून मनाने काही आणू नका.

शेवटी बाबाला पडदा तपासायला नेलाच. दोन्ही डोळ्यांत बारीक पिवळे ठिपके, ड्रुसेन, निघाले. अगदी सुरुवातीचे. नजर अजून पूर्ण शाबूत आहे. घरी येताना रिक्षात तो एक शब्द बोलला नाही. त्या दिवसापासून सिगरेट बंद आहे, आज ४३ वा दिवस. मधे दोनदा घसरला, दोन्ही वेळा स्वतःहून सांगितलं. आजी रोज त्याला विचारते, "चौकट कशी दिसते रे?" आणि बाबा एकेक डोळा झाकून सांगतो, "सरळ आहे, आई."

तुम्हीही आज एवढंच करा. घरातल्या पन्नाशीपुढच्या माणसांना एक डोळा झाकून बाथरूमच्या टाइल्सच्या रेषा बघायला सांगा, मग दुसरा. रेषा वाकडी, तुटक किंवा मधेच पुसट दिसली, तर 'पिकू दे' म्हणू नका. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. आणि सगळं सरळ दिसलं तरी घरात कुणाला हा आजार असेल, तर पडद्याची तपासणी चुकवू नका. बाबाला कुठे काय वाकडं दिसत होतं?

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!