गरम झाली की बंद पडते!

आपलं वालचंदनगर ज्यांच्या नावाचं, त्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. त्या कंपनीची पद्मिनी आज कुणाच्या दारात असेल, तर एक तक्रार हमखास : गाडी आचके देते, गरम झाली की बंद पडते. मग अंदाजानं कार्बोरेटर बदलतात. पैसे जातात, आचके राहतात.

थांबा. गाडी बंद पडली की तिथल्या तिथं तपासा. थंड झाली की पुरावा गेला!

आधी टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' करून हवा आत गेली आणि गाडी चालू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. साफ करा, काम झालं.

नाहीतर झाकण लावा. एका प्लगची वायर काढून जादा प्लगला जोडा, रबरी मुठीच्या पकडीनं तो इंजिनला टेकवा, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ठिणगी पिवळी, मरतुकडी? मग पॉइंट, कंडेन्सर, कॉइल बघा. कंडेन्सर आणि कॉइल बऱ्याचदा गरम झाल्यावरच दगा देतात.

ठिणगी निळी, कडक? मग पेट्रोल. कॉइलची वायर काढा, पंपाची नळी लांब धरलेल्या बाटलीत सोडा, सेल्फ मारा. धार येत नाही? पंप खराब, किंवा उन्हानं नळीत वाफ धरलीय. धार चांगली आली, तरच कार्बोरेटर उघडा.

आधी ठिणगी, मग पेट्रोल, खिशात हात शेवटी. भेटू पुढच्या भागात!