माळ्यावरचे चरखे



चरखा म्हटलं की गांधीजी आठवतात. तो चरखा शोधून काढणाऱ्या बाईंबद्दल आज थोडं बोलायचं आहे. त्यांचं नाव गंगाबेन मजमुदार.

आश्रमात हातमाग आले होते, पण सूत गिरणीचंच होतं. हातानं सूत कातणारं कोणी सापडेना. १९१७ साली भडोचच्या शिक्षण परिषदेत गांधीजींना गंगाबेन भेटल्या. विधवा, शालेय शिक्षण बेताचं, पण हाताशी स्वतःचा पैसा. सोबतीशिवाय कुठंही जात, घोड्यावर सहज बसत. अस्पृश्यता त्यांनी केव्हाच झुगारली होती. चरखा शोधायचं काम त्यांनी अंगावर घेतलं.

गुजरातभर वणवण केल्यावर गायकवाडांच्या बडोदे संस्थानात, विजापूरला (आदिलशाहीचं विजापूर वेगळं), त्यांना चरखे सापडले. पुष्कळ घरांत होते, पण माळ्यावर अडगळीत पडलेले.

आमच्या प्रयोगशाळेत एखादं यंत्र धूळ खात पडलं, की ‘काय बिघडलंय?’ हा पहिला प्रश्न. इथं चरख्यांचं काही बिघडलं नव्हतं. लोक म्हणाले, पेळू नियमित पुरवा, सूत विकत घ्या, आम्ही कातायला तयार आहोत. म्हणजे अडलं होतं कच्च्या मालावर आणि गिऱ्हाइकावर.

आधी पेळू आले उमर सोबानींच्या गिरणीतून. सूत इतकं येऊ लागलं की ठेवायचं कुठं हा प्रश्न पडला. पण गिरणीचे पेळू गांधीजींना खटकू लागले. मग गंगाबेननी महिना ३५ रुपयांच्या आसपास पगारावर पिंजारी शोधला, मुलांना पेळू वळायला शिकवलं, विणकर गाठले. ‘विजापूर खादी’ नावाजली. गांधीजींनी महिन्याभरात ४५ इंच पन्ह्याचं धोतर मागितलं, तेही त्यांनी मुदतीच्या आत पोचवलं.

हे सारं गांधीजींनी आत्मचरित्रात मोकळेपणानं लिहिलं आहे. आपण चरखा लक्षात ठेवला, व्यवसाय उभा करणारी बाई विसरलो.

गावाकडच्या बायकांना शिलाई मशिनं द्यायला आपण इथून पैसे पाठवतो. जरूर पाठवावेत. पण कापड कोण आणणार आणि शिवलेलं कोण घेणार, हेही विचारावं. ती जबाबदारी पेलणारी एखादी गंगाबेन त्या गावात असेल, तर मशिनांच्या आधी तिच्या पगाराची सोय करू या.