नमुना आपल्या हातात, इलाज दोघांचा

(हिंगोलीतील युवा मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे काही बिघडलं की पहिला प्रश्न असतो, 'तपासलं होतं का?' आज तोच प्रश्न घेऊन आलोय.

माझ्या नात्यातल्या एका भाभींच्या अंगावरून कितीतरी वर्षं पांढरं जायचं, ओटीपोट दुखायचं. सासूबाई म्हणाल्या, "उष्णता असेल." मेडिकलमधून गोळ्या येत राहिल्या. दवाखान्यात पुरुष डॉक्टर तपासतील या धास्तीने त्या गेल्याच नाहीत. मूल होईना, तेव्हा बोल लागले ते भाभींनाच. भाईंची तपासणी करावी, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

हे फक्त आपल्याच घरात होतं असं समजू नका. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, पण आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

आता नीट समजून घेऊ. अंगावरून पांढरं जाणं म्हणजे प्रत्येक वेळी लैंगिक संसर्ग नव्हे. आणि संसर्ग असला तरी त्रास होईलच असंही नाही. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक स्त्रियांना काहीच जाणवत नाही. उपचार झाले नाहीत तर तो गर्भनलिकांपर्यंत पोचू शकतो आणि वंध्यत्व येऊ शकतं. पुरुषालाही तो असतो, त्यालाही अनेकदा कळत नाही. वेळेत सापडला तर अँटिबायोटिकने बरा होतो.

सरकारी रुग्णालयांत यासाठी 'सुरक्षा क्लिनिक' आहेत. तिथे प्रामुख्याने लक्षणं पाहून ठरावीक रंगाच्या किटमधली औषधं देतात. मोठी सोय आहे ही. पण लक्षणंच नसतील, तर लॅबशिवाय संसर्ग कळणार कसा?

इथे स्वतः घेतलेला नमुना उपयोगी पडतो. स्त्रीने बाथरूमचं दार लावायचं, तपासणीची मऊ काडी योनिमार्गात साधारण दोन इंच आत घालून काही सेकंद फिरवायची आणि नळीत बंद करायची. पुरुषाने किमान एक तास लघवी न करता, नंतरच्या लघवीची सुरुवातीची धार डबीत घ्यायची. नेहमीच्या तपासणीत मधली धार घेतात, इथे पहिली लागते. काडी नको असेल तर स्त्रियांनाही लघवी देता येते, पण काडीचा नमुना जास्त भरवशाचा.

लॅबमध्ये पुढे काय होतं? कोरोनात आपण आरटी-पीसीआर ऐकलं, त्याच जातीची ही चाचणी. जंतूच्या जनुकाच्या असंख्य प्रती बनवल्या जातात, म्हणून अगदी थोडे जंतूही सापडतात. त्यामुळे क्लॅमिडिया आणि गोनोरियासाठी स्त्रीने स्वतः घेतलेला नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच या पद्धतीची शिफारस केली. नळीतल्या द्रवात नमुना टिकतो, म्हणून सेनगावच्या बाईला शहर गाठायची गरज नाही, नळी गेली तरी पुरे.

याला मर्यादाही आहेत. एचआयव्ही आणि सिफिलिससाठी सहसा रक्त द्यावं लागतं. एचआयव्हीची तपासणी सरकारी आयसीटीसी केंद्रात मोफत होते. ताप असेल, पोटात जोरात दुखत असेल किंवा गर्भ असेल तर काडीवर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. खासगी लॅबमध्ये आधी विचारा, 'चाचणी पीसीआरसारखी आहे का? स्वतः घेतलेला नमुना चालतो का?'

दोन गोष्टी मात्र कोणतंही मशीन करणार नाही. पहिली, इलाज दोघांचा. फक्त बायकोने गोळ्या घेतल्या तर संसर्ग नवऱ्याकडून परत येऊ शकतो. तेव्हा मुलांनो, डबी हातात घ्यायला लाजू नका. दुसरी, रिपोर्ट ही अमानत आहे. तुमच्यातले काहीजण लॅबमध्ये, मेडिकलवर काम करतात. मोहल्ल्यात एक नाव फुटलं, तर पुढच्या दहा जणी तपासायला येणार नाहीत.

कुणी म्हणेल, हे हयाच्या विरुद्ध आहे. हजरत आयशा (र.) यांनी अन्सारी स्त्रियांची तारीफ केली ती याचसाठी, की दीन समजून घेताना त्यांची हया आड आली नाही. तो प्रसंग मासिक पाळीनंतरच्या गुस्लबद्दलच्या प्रश्नाचा होता. हया राखूनही विचारता येतं. आणि बंद दाराआड स्वतः नमुना घेण्यात तर हया राखलीच जाते.

म्हणून आपलं काम सोपं आहे. जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारू या, 'इथे स्वतः नमुना घेण्याची सोय आहे का? नसेल तर कधी होईल?' बोलायला संकोच वाटत असेल तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारा. नाव सांगावं लागत नाही.

भाभींना हे कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही आज घरी जाऊन कुणाला तरी सांगा.