खडपातला खाडा

ओहोटीला उघडे पडणारे खडप निरखून तिथल्या जीवांची नोंद ठेवण्याचे काम मुंबईत मुख्यत्वे हौशी मंडळी करतात. 2017 मध्ये ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम सुरू झाला, आणि हाजी अली, गिरगाव, कार्टर रोड अशा ठिकाणी लोक खाली वाकून डबक्यांत पाहू लागले. छायाचित्रे भरपूर जमली. नोंदवही मात्र फार थोड्यांकडे असते.

वेळ ठरवायला भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सर्वांत खाली जाते, तेही सकाळ-संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास.

पाणी उतरते तसे खडपाचे थर दिसू लागतात. वर बारीक गोगलगायी आणि बार्नेकल, म्हणजे तासन्‌तास कोरडे राहणे सोसणारे जीव. त्याखाली खडकाला घट्ट चिकटलेली कालवे. आणखी खाली झोआंथिड या जीवांचे हिरवट-तपकिरी थर आणि पाणी नसले की तोंड मिटून चिकट गोळ्यासारखी बसणारी समुद्रफुले. अगदी तळच्या पट्ट्यात प्रवाळ. हाजी अली आणि वरळीच्या 18 प्रवाळ-वसाहती 2020 मध्ये सागरी किनारा रस्त्यासाठी दुसरीकडे हलवण्यात आल्या. प्रवाळाला कायद्याचे संरक्षण आहे. पण तो तिथे आहे हे आधी कुणीतरी पाहून लिहिलेले असावे लागते.

लिहिण्याची रीत साधी आहे. खडकावर एक जागा कायमची ठरवायची, दर वेळी तिथेच चौकट ठेवायची, चौकटीत काय आणि किती ते मोजायचे, तारीख व ओहोटीची वेळ टाकायची. रोज नवी जागा धुंडाळण्यात मजा असेल, तुलना होत नाही. उलटवलेला दगड होता तसा परत ठेवायचा, कारण त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात तासाभरातही मरू शकतात. शंख सुंदर दिसला म्हणून उचलायचा नाही. कोनशंखाचा दंश विषारी असतो.

आणि काही सापडले नाही, तर ‘शून्य’ लिहायचे. नेमके इथेच घोडे अडते. घरात दुधाचा हिशेब ठेवणाऱ्याला हे समजवावे लागत नाही. दूध घेतले नाही त्या दिवशी दिनदर्शिकेच्या चौकोनात खाडा मांडला जातो, नाहीतर महिनाअखेरीस दूधवाल्याशी वाद ठरलेला. कोरा चौकोन वेगळा आणि खाड्याचा वेगळा: कोऱ्यावरून दूध आले नाही की खूण करायची राहिली, ते कळत नाही. खडपाच्या वहीत असे कोरे चौकोनच जास्त. ऑक्टोपस दिसला तो दिवस सर्वांना पाठ. शोधूनही दिसला नाही ते दिवस कुठेच नाहीत. मग तो कमी झाला की पाहणारे कमी झाले, हे कशावरून सांगणार?

शून्याची किंमत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दिसली. तिथे ‘कोस्ट’ या उपक्रमातील स्वयंसेवक ठरलेल्या पट्ट्यात फिरून मेलेले समुद्रपक्षी मोजतात, एकही नसेल तरी तसे लिहितात. 2015-16 मध्ये कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत कॉमन मर या पक्ष्याचे सुमारे 62,000 मृत वा मरणासन्न पक्षी किनाऱ्याला लागले. एरवी किती लागतात याची नोंद असल्यामुळेच ही मरतूक किती मोठी ते मापता आले. समुद्र तापल्याने त्यांचे खाद्य घटले, असे पुढे अभ्यासकांनी मांडले.

जून ते सप्टेंबर कोकणपट्टीवर खवळलेल्या समुद्रामुळे खडपात उतरता येत नाही. त्या महिन्यांपुढे शून्य घालू नये. ‘पाहणी नाही’ असे लिहावे. पाहून न सापडणे आणि न पाहणे या दोन्हींसाठी वहीत वेगळे रकाने हवेत, आणि पावसाळ्यानंतर पहिली मोजणी जुन्याच चौकटीत व्हायला हवी.