बेरीज सात, पण कोणती सात?

प्रोस्टेटच्या बायोप्सीचा रिपोर्ट आला की घरात लगेच चांगला सर्जन शोधायची धावपळ सुरू होते. रिपोर्टखाली सही कोणाची आहे, हे मात्र कोणी बघत नाही. आज त्या सहीवाल्या डॉक्टरबद्दल बोलू.

आपण चार वर्षांत बी.टेक. करून मोकळे. इथे साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमडी पॅथॉलॉजी, आणि त्यानंतर काहीजण फक्त प्रोस्टेट, मूत्राशय, किडनी, वृषण यांच्याच स्लाइड बघत राहतात. हे युरोपॅथॉलॉजिस्ट. पेशंट त्यांना कधी भेटत नाही.

त्यांचं काम एका आकड्यावरून समजतं. अमेरिकेतल्या डॉ. डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६०च्या दशकात एक पद्धत बसवली: ग्रंथींची रचना किती बिघडली आहे ते बघून नंबर द्यायचा. एकाच गाठीत दोन रचना मिसळलेल्या असतात, म्हणून दोन नंबर, आणि जी रचना जास्त पसरलेली तिचा नंबर आधी. ३+४ आणि ४+३. बेरीज दोन्हीकडे सातच! पण ४+३ जास्त धोक्याचा. आमच्या कोडमध्ये बेरीज उलटी लिहिली तर काही बिघडत नाही, इथे उपचार बदलू शकतात. म्हणून हल्ली सोबत ग्रेड ग्रुपही लिहितात: ३+४ म्हणजे २, ४+३ म्हणजे ३. आणि ३+३ असेल तर अनेकांना लगेच ऑपरेशन लागतच नाही, पीएसए आणि पुढच्या तपासण्यांवर लक्ष ठेवून थांबता येतं. ऑपरेशननंतर लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, हे लक्षात घेतलं तर हा फरक केवढा मोठा!

अडचण अशी, की ३ कुठे संपतो आणि ४ कुठे सुरू होतो, हे शेवटी नजरेवर आहे. दोन अनुभवी डॉक्टरांचंही एकमत होत नाही कधी कधी. म्हणून मीरा-भाईंदरच्या लॅबमधून नुसता कागद घेऊन निघू नका. स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या स्लाइड पुन्हा तपासतात.

तिथली ही परंपरा जुनी आहे. हॉस्पिटल १९४१मध्ये सुरू झालं, तेव्हा प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी उभी केली. घट्ट धोतर कमरेला वर्षानुवर्षं घासून होणारा त्वचेचा कॅन्सर त्यांनी नोंदवला. म्हणजे मायक्रोस्कोपमधून बघता बघता पेशंट काय नेसतो, इथपर्यंत पोचले ते!

ऑपरेशनची तारीख घेण्याआधी सर्जनना एवढंच विचारा: ग्रेड ग्रुप किती, आणि स्लाइड दुसऱ्या कोणी पाहिली का?