टिकटिक, चकवा आणि गावचा ग्रुप

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा, आज भुतांचा विषय आहे.

फिलिपिन्समध्ये 'अस्वांग' नावाचा प्रकार आहे. दिवसा तो तुमच्याआमच्यासारखा माणूस, अगदी शेजारीच राहणारा. रात्री कुत्रा, डुक्कर नाहीतर पक्षी होतो. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळावर त्याचा डोळा. त्यातलाच एक 'टिकटिक'. आवाजावरून नाव पडलंय. आवाज मोठा आला तर तो लांब आहे, बारीक झाला की समजा दारात आला!

एरिक माटी या दिग्दर्शकाने यावर 2012 मध्ये 'टिकटिक: द अस्वांग क्रॉनिकल्स' हा सिनेमा केला. एक पोरगा रुसलेल्या गरोदर प्रेयसीला परत आणायला तिच्या गावी जातो आणि रात्री अस्वांग घराला वेढा घालतात. सिनेमा हिरव्या पडद्यासमोर शूट केलाय, मागचं गाव कॉम्प्युटरवर बनवलेलं. आणि भुतांवर उपाय काय? तर लसूण! बघाच एकदा.

आपल्याकडेही हे आहेच की. शिरूर-दौंडकडच्या पोरांना चकवा माहीत नाही असं होणार नाही. रात्रीची लाईट असते, उसाला पाणी धरायला जायचं, आणि घरातलं कोणीतरी बजावणार, "ओळखीच्या आवाजात हाक आली तरी पहिल्या हाकेला ओ देऊ नको." तिकडे शेजारी राक्षस निघतो, इकडे आवाज घरच्याचा आणि हाक मारणारा भलताच. भीती एकच, समोरचा माणूस खरंच माणूस आहे का?

सिनेमात हे सोपं असतं. कॅमेऱ्यासमोर कातडी बदलते, दात बाहेर येतात, आपली खात्री पटते. मग हिरोने कोयता चालवला तर आपण टाळ्या वाजवतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्यात टेस्ट पास झाल्याशिवाय कोड पुढे जात नाही. गावात रात्री बारा वाजता अनोळखी माणूस दिसला, तर त्याची टेस्ट कोण घेणार?

2024 चा पावसाळा आठवतोय? आपल्या भागात रात्री ड्रोन फिरताना दिसायचे. चोर रेकी करतायत अशी चर्चा झाली, पोरं काठ्या घेऊन गस्तीला निघाली. गस्त घालण्यात चूक काहीच नाही. पण आमच्या गावच्या ग्रुपवर एका चादरी विकणाऱ्याचा फोटो पडला, खाली लिहिलेलं, "हाच तो, दिसला की धरा." अर्ध्या तासात तीन ग्रुपवर तोच फोटो. मी विचारलं, "कोणी पाहिलं याला काही करताना?" कोणीच नाही. शेवटी आमच्या चुलत्यांनी पोलीस पाटलांना फोन लावला. त्यांनी त्या माणसाचं आधार कार्ड बघितलं, चहा पाजला आणि एसटीत बसवून दिलं.

प्रत्येकाला असा चुलता भेटत नाही. 1 जुलै 2018, धुळे जिल्हा, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजारचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर फिरत होती. मंगळवेढ्याकडून आलेल्या, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण गेले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणायचं ठरवलं. पण पाच ग्रुप म्हणजे सुद्धा हजार माणसं होतात, हिशोब करून बघा.

अशा अफवेत सापडतो कोण, तर फिरस्ता, फेरीवाला, भिक्षेकरी. ज्याला गावात ओळखणारं कोणी नाही, तो.

म्हणून एवढंच सांगतो. भुताचे सिनेमे भरपूर बघा, मीही बघतो. पण ग्रुपवर कुणाचा फोटो आला, तर पुढे ढकलायच्या आधी 112 ला नाहीतर पोलीस पाटलांना फोन करा. आणि ग्रुपवर विचारा, "कोणी पाहिलं?" तुम्ही विचारलंत, की आणखी दोघं-तिघं विचारतात.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!